अपरिचित वस्तु व वाहकाचा धर्म

नीतिशास्त्राच्या ग्रंथांत मित्राशीं कसें वागावें, शत्रूशीं कसें वागावें, आप्तांशीं, अतिथीशीं व उपकारकर्त्यांशीं कसें वागावें याचा ऊहापोह विपुल आढळतो. परंतु जी वस्तु आपल्या हातीं आली आहे ती काय आहे हेंच मुळीं आपणांस ठाऊक नाहीं, अशा वस्तूशीं आपलें वर्तन कसें असावें, हा प्रश्न त्या मानानें उपेक्षित राहिला आहे. ज्याची ओळखच पटत नाहीं त्याच्याविषयीं कर्तव्य तरी कसलें, अशी आपली सामान्य समजूत असते. ही समजूत बरोबर नाहीं, असें आम्हांस वाटतें. ओळखीच्या वस्तूविषयीं नियम आखलेले असतात व ते पाळले कीं नाहींत हें पाहणारा कोणी तरी असतो. अनोळखी वस्तु मात्र फेकून दिली तरी विचारणारें कोणी नसतें. म्हणून मनुष्याच्या व संस्थेच्या सचोटीची परीक्षा पुष्कळदां अशाच वस्तूंच्या ठिकाणीं होते.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं आम्ही दोन उदाहरणें घेणार आहों. एक जालना जिल्ह्यांतील जुन्या दप्तरांचें, व दुसरें संगणकांच्या आपापसांतील व्यवहाराचें. प्रथमदर्शनीं हीं दोन्ही एकमेकांपासून फार दूर वाटतील. पण दोहोंच्या पोटांतील अडचण एकच आहे, हें वाचकांस पुढें दिसून येईल.

जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला. तत्पूर्वीं जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यांत होते, आणि परतूर परभणी जिल्ह्यांत होता. त्याच्याही मागें गेलें तर हा सर्व मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता. नंतर कांहीं वर्षें तो हैदराबाद राज्यांतच राहिला, १९५६ सालीं द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला व १९६० सालीं महाराष्ट्रांत. येथील एखाद्या शेतकऱ्यानें एका आयुष्यांत इतके बदल पाहिले, आणि त्याच्या जमिनीचा कागद एका दप्तरांतून दुसऱ्या दप्तरांत प्रवास करीत राहिला. निजामाच्या राज्यांत वरिष्ठ कचेऱ्यांची भाषा उर्दू होती. गांवपातळीवरचें मराठी लिखाण पुष्कळसें मोडी लिपींत असे. साल फसली लिहिलें जाई, व त्यांत सुमारें ५९० मिळविल्यावांचून इसवी सन निघत नसे. रक्कम हाली शिक्क्यांत असे. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार रुपये हें ज्यास ठाऊक नसेल, त्यास ती रक्कम वाचतां येऊनही कळत नसे.

आतां अशी कल्पना करावी कीं, नव्या अमदानींत नेमलेला, देवनागरी व इंग्रजी जाणणारा एक कारकून कचेरींत जुना रुमाल सोडून बसला आहे. कांहीं कागद तो वाचतो. कांहींची लिपि त्यास येत नाहीं. कांहींची लिपि येते, पण त्यांतील संज्ञा त्याच्या नव्या नमुन्यांत कोठेंच बसत नाहींत. त्याच्यापुढें मार्ग किती? तो कागद निरुपयोगी समजून रद्दींत टाकूं शकतो. अंदाजानें कांहीं तरी वाचून नव्या वहींत तशी नोंद करूं शकतो. जो मनुष्य कागद घेऊन आला त्यानें सांगितलेला अर्थ खरा मानून तसा लिहूं शकतो. किंवा 'वाचतां आला नाहीं' असा शेरा मारून कागद जसाच्या तसा पुन्हां रुमालांत बांधून ठेवूं शकतो.

या मार्गांतील भेद त्या काळीं क्षुल्लक वाटला असेल. त्याचें मोल २०२३ सालीं कळलें. अंबड तालुक्यांतील अंतरवाली सराटी येथें त्या वर्षीं ऑगस्टच्या अखेरीस मराठा आरक्षणासाठीं उपोषण सुरू झालें, आणि सप्टेंबरांत निजामकालीन कागदपत्रांतील कुणबी नोंदी तपासण्याकरितां सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली. मराठवाड्यांतील कचेऱ्यांमधून जुने रुमाल बाहेर निघाले, आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या वादांत कोणाची बाजू न्याय्य, हा प्रश्न येथें आमच्यापुढें नाहीं. आम्ही एवढेंच दाखवूं इच्छितों कीं, ज्यास आपला दावा सिद्ध करावयाचा होता आणि ज्यास दुसऱ्याचा दावा खोडून काढावयाचा होता, त्या दोघांसही आधार त्याच कागदांचा होता. आणि ते कागद, वाचतां येत नसतांही कोणी तरी न फाडतां ठेवून दिले होते म्हणूनच उरले होते. जो कागद रद्दींत गेला त्याचा शोध कोणतीही समिति लावूं शकत नाहीं. जो चुकीचा वाचून नव्या वहींत उतरला, त्याचा शोध घेण्याची तर इच्छाही कोणास होत नाहीं. कारण तेथें कांहीं हरवलें आहे हेंच दिसत नाहीं.

आतां दुसरें उदाहरण. बँकेंतील खातें, रेल्वेचें तिकीट, रुग्णालयांतील नोंद हीं कामें आज सहसा एकट्या यंत्रावर होत नाहींत. एकच काम अनेक ठिकाणच्या अनेक संगणकांवर वांटून दिलेलें असतें, व ते संगणक परस्परांस संदेश पाठवून तें तडीस नेतात. या संदेशांतून जाणाऱ्या वस्तु निरनिराळ्या प्रकारच्या असतात. एखादी व्यक्तीची नोंद, एखादी रकमेची, एखादी तारखेची. प्रत्येक प्रकाराची घडण कशी, त्याचे भाग कोणते, याचें ज्ञान पाठविणाऱ्याजवळ व घेणाऱ्याजवळ असें दोघांजवळही असावें लागतें. घेणाऱ्याजवळ तें नसेल, तर त्याच्या हातीं शून्य व एक या अंकांची नुसती माळ राहते. मोडी न येणाऱ्यास मोडी कागद दिसावा तशी. शिवाय हे सर्व संगणक एकाच क्षणीं नव्या पद्धतीवर आणणें शक्य नसतें. आज दहा यंत्रें सुधारलीं, उद्यां आणखी दहा. कांहीं तर दुसऱ्याच संस्थेच्या मालकीचीं, आणि तीं केव्हां सुधारतील याचा नेम नाहीं. म्हणजे नव्या यंत्रानें पाठविलेली वस्तु जुन्या यंत्रास न ओळखणें हा अपघात नव्हे, ती येथली नित्याची स्थिति आहे. म्हणून जो प्रश्न नीतिशास्त्रांत बाजूस राहिला, त्याचें उत्तर या विद्येच्या कर्त्यांस लेखी द्यावें लागलें: वस्तूचा प्रकार ओळखला नाहीं तर काय करावें?

पहिलें उत्तर नकाराचें. जावा या संगणकभाषेंत एका यंत्रावरील वस्तु दुसऱ्या यंत्राकडे पाठवितां येते. परंतु घेणाऱ्याजवळ त्या प्रकाराची व्याख्या नसेल, तर ती वस्तु पुन्हां उभी करण्याचें तो नाकारतो व तशी स्पष्ट तक्रार करून थांबतो. या वर्तनांत सचोटी आहे; जें कळलें नाहीं तें कळल्याचा आव येथें नाहीं. पण एका गाठोड्यांत शंभर वस्तु असून त्यांत एकच अनोळखी निघाली, तरी उरलेल्या नव्याण्णवही दारांतूनच परत जातात.

दुसरें उत्तर दुर्लक्षाचें. इंटरनेटवरील पानें एचटीएमएल नांवाच्या खुणांनीं लिहिलेलीं असतात; तेथील रीत अशी कीं, न कळलेली खूण वगळावी व तिच्या पोटांतील मजकूर मात्र दाखवावा. या औदार्यामुळें जुनीं यंत्रें नवीं पानें थोडींबहुत तरी दाखवूं शकलीं. परंतु आपल्यापुरतें वाचणें निराळें आणि वाचून पुढें लिहून देणें निराळें. गूगलच्या प्रोटोकॉल बफर्स या पद्धतींत याचा अनुभव आला. २०१६ सालीं तिची तिसरी आवृत्ति निघाली, तेव्हां न ओळखलेले रकाने वाचतांनाच गाळावे असें ठरलें होतें. परिणाम असा कीं, मधल्या एखाद्या जुन्या यंत्रानें नोंद घेतली, तींतील एक आंकडा बदलला व ती पुढें पाठविली, म्हणजे त्यास न कळलेले रकाने वाटेंतच नाहींसे होत. पाठविणाऱ्यास वाटे ते पोंचले, घेणाऱ्यास वाटे ते पाठविलेच नव्हते, आणि मधल्यास तर कांहीं घडल्याचा पत्ताही नसे. २०१७ च्या अखेरीस ३.५ या आवृत्तींत हा नियम फिरविण्यांत आला, आणि अनोळखी रकाने जपून पुढें देण्याची पूर्वीची रीत परत आणली गेली.

तिसरें उत्तर भोळ्या विश्वासाचें. जावांतच अशी सोय होती कीं, प्रकार ठाऊक नसेल तर त्याची व्याख्या कोठें मिळेल तो पत्ता बाहेरून मिळावा, आणि घेणाऱ्यानें तेथून ती आणून चालवावी. युक्ति मोठी सोईची; पण येणारा पाहुणा आपला दुभाषी स्वतःच बरोबर आणतो आणि यजमान त्या दुभाष्याच्या हातीं घराच्या किल्ल्या देतो, असा तिचा अर्थ होतो. डिसेंबर २०२१ मध्यें लॉग-फोर-जे या घटकांतील दोष उघडकीस आला. या घटकाचें काम केवळ रोजकीर्द लिहिण्याचें. परंतु लिहिण्यासाठीं आलेल्या मजकुरांत विशिष्ट रीतीनें एखादा पत्ता घातलेला असला, तर तो घटक त्या पत्त्यावर जाऊन तेथील वस्तु आणी व तींतील आज्ञा अमलांत आणी. जगभरच्या संस्थांस तो दोष बुजविण्यासाठीं रात्रीचा दिवस करावा लागला. कागद घेऊन येणाऱ्यानेंच त्याचा अर्थ सांगावा व कारकुनानें तो निमूटपणें वहींत घालावा, त्यांतलाच हा प्रकार.

चौथें उत्तर जपून पुढें देण्याचें. इंटरनेटचीं मोठमोठीं जाळीं बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल या नियमावलीप्रमाणें परस्परांस मार्ग कळवितात. मार्गाबरोबर त्याचे कांहीं गुणधर्मही जातात, आणि त्यांपैकीं कांहींवर 'ऐच्छिक, पण पुढें नेण्याजोगा' अशा अर्थाची खूण असते. असा गुणधर्म ज्या यंत्रास ओळखतां येत नाहीं, त्यानें तो मार्ग पुढें कळवितांना गुणधर्मही न बदलतां पुढें द्यावा, आणि त्यावर 'अपूर्ण' अशी एक खूण करावी. त्यामुळें पुढच्यास समजतें कीं, वाटेंत निदान एकास तरी हें कळलेलें नव्हतें. कारकुनाचा 'वाचतां आला नाहीं' हा शेरा तो हाच.

यावर असा आक्षेप येईल कीं, न समजलेलें पुढें ढकलणें ही जबाबदारीची टाळाटाळ आहे. पुडक्यांत विष असलें तर तेंही असेंच पुढें जाईल. आक्षेप पोकळ नाहीं. २७ ऑगस्ट २०१० रोजीं राइप एनसीसी या युरोपांतील संस्थेनें व ड्यूक विद्यापीठांतील संशोधकांनीं प्रयोगाकरितां एक नवा गुणधर्म असलेला मार्ग प्रसृत केला. नियमाप्रमाणें तो निर्दोष होता. पण एका कंपनीच्या कांहीं राउटरांनीं तो पुढें देतांना बिघडविला. बिघडलेला गुणधर्म पाहतांच शेजारच्या यंत्रांनीं, त्या वेळच्या नियमास अनुसरून, त्या राउटरांशीं चाललेला सर्व व्यवहारच तोडला. आणि इंटरनेटच्या कांहीं भागांतील वाहतूक खोळंबली. येथें अनर्थ कशानें झाला? वस्तु अनोळखी होती म्हणून नव्हे. वाहकानें न कळलेल्या वस्तूंत बदल केला म्हणून, आणि घेणाऱ्यांनीं एका वस्तूचा राग सबंध नात्यावर काढला म्हणून. २०१५ सालीं हा दुसरा नियम सुधारण्यांत आला. आतां बहुतेक प्रसंगीं बिघडलेल्या त्या एका मार्गापुरताच नकार द्यावयाचा, व्यवहार तोडावयाचा नाहीं.

आमच्या मतें या आक्षेपाचें खरें उत्तर वाहक व कर्ता यांतील भेदांत आहे. टपालखात्याचा मनुष्य पत्राची लिपि येत नाहीं म्हणून तें फोडीत नाहीं किंवा टाकून देत नाहीं. पत्ता मुळींच लागला नाहीं, तर तें रिटर्न्ड लेटर ऑफिसकडे जातें, आणि फोडून पाहण्याचा अधिकार तेथेंच असतो. तो वाहक आहे. वस्तु अभंग ठेवणें हाच त्याचा धर्म. याच्या उलट, डॉक्टरांच्या चिठ्ठींतील एक अक्षर औषधविक्रेत्यास लागत नसेल, तर तें सोडून देऊन बाकीचीं औषधें देऊन टाकणें हें औदार्य नव्हे, आणि अंदाजानें एखादी बाटली काढून देणें हें तर पातक होय. तो कर्ता आहे. त्यानें थांबलें पाहिजे व विचारलें पाहिजे. एकच अज्ञान, परंतु वाहकाच्या ठिकाणीं त्याचें कर्तव्य 'पुढें दे' असें होतें, व कर्त्याच्या ठिकाणीं 'थांब' असें होतें. आपण या क्षणीं वाहक आहों कीं कर्ते, हें प्रथम ओळखलें पाहिजे. अनोळखी वस्तु ओळखण्यापेक्षां हें पुष्कळ सोपें आहे, आणि तरीही आपण तें क्वचितच करतों.

१९८० सालीं जॉन पोस्टेल यांनीं इंटरनेटच्या नियमावलींत एक तत्त्व घालून दिलें. त्याचा आशय असा कीं, देतांना काटेकोर असावें आणि घेतांना उदार असावें. दीर्घकाळ हें तत्त्व सुभाषितासारखें मानलें गेलें. पण २०२३ सालीं इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डानें प्रसिद्ध केलेल्या एका लेखांत त्याची दुसरी बाजू मांडलेली आहे: घेणाऱ्यानें चुका पोटांत घातल्या म्हणजे देणारा त्या सुधारीत नाहीं, आणि कालांतरानें ती चूकच रूढि होऊन बसते. आम्हांस वाटतें, उदारपणा व मौन या दोन गोष्टी येथें एक समजल्या गेल्या. अनोळखी वस्तु स्वीकारावी. पण ती आपणांस कळली नाहीं हें बोलून दाखवावें. न बोलणारें औदार्य देणाऱ्यास बिघडवितें व पुढच्यास फसवितें.

देणाऱ्याचेंही कर्तव्य आहे. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या सोप या नियमावलींत पाठविणाऱ्यास संदेशाच्या एखाद्या भागावर 'हें समजलेंच पाहिजे' अशी खूण करतां येते. ती खूण असेल आणि घेणाऱ्यास तो भाग कळला नसेल, तर त्यानें काम करूंच नये व तसें कळवावें. खूण नसेल तर सोडून द्यावा. ही मोठी न्यायाची व्यवस्था आहे. कारण कोणता भाग प्राणभूत व कोणता केवळ शोभेचा, हें पाठविणाऱ्याशिवाय दुसऱ्यास कसें कळणार? परंतु प्रत्येकच भागावर अशी खूण केली तर ती निरर्थक होते. ज्या कचेरींत प्रत्येक पत्रावर 'अत्यंत तांतडीचें' असा शिक्का असतो, तेथें कोणतेंच पत्र तांतडीचें राहत नाहीं.

हा विचार यंत्रांपुरता राहिला असता, तर तो येथें मांडण्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु नमुने, रकाने व याद्या मनुष्यांच्याही असतात. हिंदुस्थानच्या जनगणनेंत २००१ पर्यंत लिंगाच्या रकान्यांत स्त्री व पुरुष हे दोनच पर्याय होते. जी व्यक्ति दोहोंत बसत नसे, तिला दोहोंपैकीं एकांत बसविलें जाई. म्हणजे अंदाजानें वाचून नव्या वहींत घातलें जाई. २०११ सालीं प्रथमच 'इतर' हा पर्याय आला व त्याखालीं सुमारें ४ लक्ष ८८ हजार नोंदी झाल्या. १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथीयांच्या ओळखीस मान्यता दिली. हे लोक २०११ पूर्वीं नव्हते असें नाहीं. ते होते, पण मोजणाऱ्याच्या यादींत त्यांचा प्रकार नव्हता, आणि यादींत प्रकार नाहीं ही उणीव यादीची न मानतां माणसाची मानली गेली. अनोळखी वस्तूस ओळखीचें नांव देऊन टाकणें, हा आमच्या मतें फेकून देण्याहूनही मोठा अन्याय आहे. फेकलेल्या वस्तूची निदान उणीव भासते. चुकीच्या नांवाखालीं दडपलेल्या वस्तूची तीही भासत नाहीं.

मात्र 'इतर' हा शब्द लिहिला म्हणजे कर्तव्य संपलें असेंही नव्हे. सातबाराच्या उताऱ्यांत 'इतर अधिकार' असा एक रकाना असतो. मालकीच्या नमुन्यांत न बसणारें पुष्कळ कांहीं तेथें येतें. कोणाचा विहिरींतील हिस्सा, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कोणाची वहिवाटीची वाट. हा रकाना आंखणाऱ्यानें आधींच कबूल केलें कीं, आपणांस सर्व हक्कांचीं नांवें ठाऊक नाहींत. परंतु त्याचें खरें शहाणपण याहून पुढचें आहे: त्या रकान्यांत केवळ 'इतर' एवढेंच लिहीत नाहींत, तर हक्क कोणता व कोणाचा तें लिहितात. जनगणनेच्या 'इतर'मध्यें मनुष्याची संख्या राहिली, पण तो स्वतःस काय म्हणवितो हें राहिलें नाहीं. एका रकान्यांत आशय जपला जातो, दुसऱ्यांत केवळ जागा दिली जाते. आपल्या घरीं, शाळेंत व कचेरींत जे नवे रकाने आपण रोज आंखतों, त्यांत हा भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

महाराष्ट्रांत जुन्या जमीन-अभिलेखांचीं छायाचित्रें काढून तीं संगणकांत ठेवण्याचें काम गेलीं कांहीं वर्षें चाललें आहे. या कामावर बसणाऱ्यांस मोडी येईलच असें नाहीं, आणि प्रत्येकास ती आलीच पाहिजे असा आग्रह धरणेंही व्यवहार्य नाहीं. परंतु चार गोष्टी कोणासही करतां येण्याजोग्या आहेत. जें कळलें नाहीं तें नष्ट करूं नये. त्यास आपल्या ओळखीचें नांव देऊं नये. तें आपणांस कळलें नाहीं असें त्यावर स्पष्ट लिहावें. आणि त्यावरून कोणाचा हक्क ठरवावयाचा असेल, तर जाणकार मिळेपर्यंत थांबावें. यासाठीं विद्वत्ता लागत नाहीं. आपलें ज्ञान जेथें संपतें तेथें जग संपत नाहीं, एवढी जाणीव लागते. आज आपण न वाचतां बांधून ठेविलेला रुमाल उद्यां कोणी तरी वाचील. त्याच्यासाठीं तो अभंग राहिला पाहिजे.